पडद्याआडचे सूर : लेखांक १४
चेतन आनंद आणि गाण्याची जागा

गेल्या आठवड्यात गोल्डी म्हणजे विजय आनंदच्या गाण्यांवर लिहिलं. गोल्डीचं कौतुक झालं की थोरला भाऊ आठवतोच, पण बहुधा एवढ्यापुरताच: 'हकीकत' काढणारा. त्याच्या गाण्यांचा विषय निघाला तर सगळं श्रेय मदनमोहनच्या खात्यावर जमा होतं. मदनमोहनचा हक्क मोठा आहे, वाद नाही. पण चाल कितीही सुंदर असली तरी ती कुणाच्या तोंडी, कुठे आणि किती वेळ राहणार, हे शेवटी दिग्दर्शकच ठरवतो. दुसरा कुणी धजला नसता अशा जागी चेतन आनंद गाणं ठेवायचा.

आधी त्याने निवडलेले संगीतकार बघा. पहिला चित्रपट 'नीचा नगर', १९४६ सालचा. वरच्या वस्तीतला धनिक सांडपाणी खालच्या वस्तीकडे वळवतो, त्याची ही गोष्ट. संगीताला रविशंकर. तेव्हा ते पंचविशीत होते आणि चित्रपटसृष्टीला नवखे. कानच्या पहिल्याच महोत्सवात ज्या अकरा चित्रपटांना सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, त्यांत हा होता. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणी पाहिला नाही. मग १९५२च्या 'आंधियाँ'ला सरोदवाले अली अकबर खाँ. त्यांचे तिथले सहायक जयदेव, आणि त्याच जयदेवला 'जोरू का भाई'मध्ये (१९५५) स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी दिली ती चेतन आनंदनेच. बाजारात कोण चालतंय, हे बघून माणसं गोळा करणाऱ्याची ही यादी नव्हे. मध्ये 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४) आला, सचिनदांच्या गाण्यांसह धो धो चालला आणि मुंबईचे रस्तेच त्याचा सेट झाले. पण तशाच यशाच्या मागे लागून बसणं या माणसाच्या स्वभावात नव्हतं.

'हकीकत' आला १९६४ साली. चीन युद्धाची जखम ताजी, पराभव झालेला, आणि चित्रपट त्याच पराभवावर. गीतकार कैफी आझमी. तोवर त्यांची गाणी लोकांना आवडत, पण ती ज्यांत होती ते चित्रपट पडत. 'कागज के फूल' हे त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण. त्यांच्याच शब्दांवर मदनमोहनने चार पुरुषांचं गाणं बांधलं: रफी, तलत, मन्ना डे आणि नवा पोरगा भूपिंदर. 'होके मजबूर'. युद्धपटात जवानांचं समूहगान म्हटलं की आपण छाती फुगवून बसतो. इथे ढोलताशा नाही, जयघोष नाही. घरापासून तुटलेला एकेक जण, मागे राहिलेली ती आपल्याला कशी विसरली असेल, एवढंच मनाशी म्हणतो. चार मोठे आवाज, पण एकही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. तलतच्या आवाजातला कंप, मन्नाबाबूंचं वजन, आणि रफीने आवाज किती आवरून धरलाय ते पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐका. नवखा भूपिंदर तर पडद्यावरही जवान म्हणून दिसतो. नायिका समोर नाही, नाच नाही, कॅमेरा थकलेल्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. गाण्याने कथा थांबते, अशी तक्रार समीक्षक नेहमी करतात. इथे कथा थांबतेच, कारण या माणसांना पुढे जायला जागाच उरलेली नाही.

आणि शेवटचं रफीचं गाणं आपण दर स्वातंत्र्यदिनी लाउडस्पीकरवर ऐकतो. चित्रपटात ते येतं तेव्हा ते गाणारे सगळे मेलेले असतात. डोंगरउतारावर देह पडलेत आणि आवाज त्यांचा. शाळेच्या पटांगणात ऐकताना हे कधी जाणवलं नव्हतं, हे मी कबूल करतो.

दोन वर्षांनी 'आखरी खत'. आई मेलेलं, जेमतेम चालू लागलेलं मूल मुंबईत एकटं फिरतंय आणि जाल मिस्त्रीचा कॅमेरा त्याच्या मागे. राजेश खन्नाचा हा पहिला चित्रपट, पण खरा नायक तो पोरगाच. बराच वेळ कुणी काही बोलत नाही. रस्ता, माणसं आणि ते इवलं पाऊल. अशा चित्रपटाला खय्याम! लताचं 'बहारों' आपण सुटं ऐकतो तेव्हा ते निव्वळ गोड वाटतं. त्या मुक्या रस्त्यांच्या शेजारी ठेवलं की ते बोचतं. भूपिंदर इथेही पडद्यावर आहे, या वेळी क्लबातला गायक म्हणून.

'हीर रांझा'मध्ये (१९७०) चेतन आनंदने कहर केला. सगळे संवाद पद्यात, कैफींचे. धाडसाला सलाम, पण माझ्या मते त्याची किंमत गाण्यांनी मोजली. माणसं आधीच यमकात बोलत असतील, तर गाणं सुरू झाल्याचा धक्का बसत नाही. जोगी होऊन भटकणाऱ्या रांझाचं रफीचं गाणं तेवढं या सगळ्याच्या वर उठतं.

ही तूट त्याने 'हँसते जख्म'मध्ये (१९७३) भरून काढली. 'तुम जो मिल गए हो'. रात्र, पाऊस, मुंबईच्या रस्त्यांवरून धावणारी गाडी. रफी जवळजवळ बोलल्यासारखा सुरू होतो, मग वाद्यमेळ अंगावर येतो, लय पळते, पुन्हा ओसरते. शेवटाकडे लता येते ती अगदी थोड्या ओळींपुरती. ठरावीक मुखडा-अंतऱ्याच्या साच्यात हे गाणं बसत नाही. अशी चाल घेऊन आलेल्या संगीतकाराला 'जरा सोपं कर' न म्हणणं, हेही दिग्दर्शनच.

दोषही सांगायला हवेत. 'हकीकत' लांबलाय, आणि प्रिया राजवंशला वारंवार नायिका करण्याचा हट्ट मला कधी पटला नाही. तिच्या ताठ संवादफेकीपुढे लताचा आवाज परका वाटतो. मदनमोहन १९७५मध्ये गेला. नंतरच्या 'कुदरत'मध्ये (१९८१) पंचम होता. तिथे एकाच चालीसाठी किशोर आणि परवीन सुलताना असे दोन टोकांचे गळे वापरले, आणि फिल्मफेअर मिळालं ते परवीनबाईंना.

पुढच्या आठवड्यात जयदेव. तोवर जमलं तर 'आखरी खत' अख्खा पाहा. गाणी गाळून नको आणि नुसती गाणीही नकोत.