सोयाबीनच्या मुळावरील गाठी

दादऱ्याकडील शेती भाताची व तूर-उडदाची. सोयाबीनसाठी आम्हांस लातूरची पेठ गाठावी लागते. हिरव्यागार पाल्यावर भुलून सौदा ठरविणे आम्हांस पसंत नाही. आधी रोप उपटून मुळे पाहावीत. चिरलेली गाठ आत गुलाबी असेल, तर तेथील जिवाणू हवेतील नत्र रोपास पुरवीत आहेत. मोबदल्यात रोप त्यांना साखर देते. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. ते आयते मिळाले की रोप गाठींवर साखर खर्चीत नाही. गाठी थोड्या व लहान राहतात, पाला मात्र माजतो. पेरणीसमयी अल्प नत्र चालते, कारण गाठी कामास लागेपर्यंत काही आठवडे जातात. बियाण्यासोबत युरिया उधारीवर देणाऱ्या सभासदबंधूंनी शेतकऱ्याच्या खात्यावर दुसरे पोते मांडण्यापूर्वी चार रोपे उपटून पाहावीत.