पाटा, साय आणि पाण्याचे गोटे

आमच्या आजीचा पाटा काळ्या दगडाचा होता. वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावणारी बाई दारावर यायची, छिन्नीने त्यावर बारीक टोचे मारून जायची, आणि पुढचे चार दिवस चटणीत दाताखाली कचकच लागायची. आजोबा बोलायचे काही नाहीत, पण कपाळावर आठ्या चढायच्या. चंद्रावरच्या सशाची चवही साधारण तशीच असणार, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

तो दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतल्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि त्यातून सह्याद्री उभा राहिला. रायगडाचा कडा, वेरूळचं कैलास लेणं आणि आजीचा पाटा, सगळं त्याच कुळातलं. चंद्राला ज्याच्यावरून आपण शशांक म्हणतो तो ससाही बेसाल्टच. मोठमोठ्या आघातांनी चंद्रावर प्रचंड खळगे पडले, मागाहून आतला लाव्हा त्यांत वर आला, पसरला आणि थिजला. तीच ही काळपट मैदानं. चंद्राच्या पृष्ठाचा जेमतेम सहावा हिस्सा त्यांनी व्यापलाय, आणि तोही बहुतेक आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूला. जुन्या युरोपीय निरीक्षकांना ते समुद्र वाटले, म्हणून नकाशांवर अजूनही शांतीचा सागर, वादळांचा महासागर अशी नावं आहेत. आपल्याकडे ससा दिसला. दोन्ही चुकीचंच, पण सशाने निदान पाण्याचं आश्वासन तरी दिलं नव्हतं.

कूळ एक असलं तरी वय वेगळं. चंद्रावरचा बराचसा बेसाल्ट ३ ते ४ अब्ज वर्षांपूर्वीचा. सह्याद्री त्याच्यापुढे कालचं पोर. शिवाय चंद्रावरच्या दगडात पाण्याचा अंश नगण्य, आणि काही ठिकाणी टायटॅनियम भरपूर. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारकडे चंद्राचे अभ्यासक वळतात ते मात्र कूळ एकच असल्यामुळे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अशनीच्या धडकेने थेट बेसाल्टमध्ये पडलेलं आहे, आणि तशी विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. चंद्रावर काय घडलं ते पाहायला मेहकरची एसटी पुरते, हे आपलं भाग्य.

आता सशाभोवतीचा पांढरा भाग. त्याचं गुपित अपोलो ११ च्या मातीत सापडलं. १९६९ साली आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन शांतिसागरातून सुमारे २२ किलो दगडमाती घेऊन आले. त्यातली बहुतेक काळी होती, पण तिच्यात पांढरे बारीक कणही विखुरलेले होते. जॉन वुड या भूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओळखलं की हे कण इथले नाहीत. दूरच्या उंच प्रदेशातून आघातांनी उडून इथे येऊन पडलेत. तो दगड होता अनॉर्थोसाइट, म्हणजे प्रामुख्याने प्लॅजिओक्लेज नावाच्या हलक्या फेल्डस्पारचा. एवढा हलका दगड एवढ्या मोठ्या प्रदेशावर पसरायचा, तर कधीकाळी सगळा चंद्रच वरून वितळलेला असला पाहिजे. जड स्फटिक तळाशी बसले, हलके वर तरंगत येऊन थिजले. कोजागरीला आटवलेलं दूध निवायला ठेवलं की वर साय धरते, तसंच काहीसं. चंद्राची पांढुरकी कातडी ही त्या शिलारसाच्या समुद्रावरची साय आहे.

मूठभर कणांवरून एवढी मोठी गोष्ट रचली म्हणून तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. पण ती टिकली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडच्या भागात उतरलं. त्याची प्रज्ञान गाडी सुमारे १०३ मीटर फिरली आणि तिने २३ ठिकाणी मातीचं रासायनिक पृथक्करण केलं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडवलेल्या तिच्यावरच्या उपकरणाला तिथेही मुख्यतः त्याच जातीची साय आढळली. जिथे कुठलंच अपोलो यान गेलं नव्हतं तिथेही. बरं, या गाडीच्या आधी चांद्रयान-२ च्या वेळी उतरण्याच्या चाचण्यांसाठी इस्रोला चंद्राची नकली माती हवी होती. ती परदेशातून आणायची तर फार महाग. मग तमिळनाडूत नामक्कलजवळच्या सित्तमपुंडी परिसरातला अनॉर्थोसाइट दळून ती घरच्या घरी केली. चंद्राचा ससा महाराष्ट्रात आणि साय तमिळनाडूत, अशी आपल्याकडे वाटणी आहे.

चंद्रावरून ३८२ किलो नमुने आणणाऱ्या सहा अपोलो मोहिमांमुळे आणखी एक कोडं पुढे आलं. पाण्याच्या तुलनेत पृथ्वी साडेपाचपट जड आहे, चंद्र मात्र ३.३४ पट. कारण पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा गाभा तिच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. चंद्राचा गाभा त्याच्या वजनाच्या शेकड्याला एक-दोनच. आणि दगडांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाण मोजलं तर ते पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. म्हणून आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात ते असं: सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला, दोघांच्या वरच्या दगडी थरांचा राडा अंतराळात उडाला आणि त्यातून चंद्र गोळा झाला. लोखंड पृथ्वीपाशीच राहिलं.

हे 'इतक्या पट जड' प्रकरण नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर चालते. बाजारात कलिंगड घेताना आपण ते कापत नाही, हातात तोलून पाहतो. आकाराच्या मानाने जड की हलकं, यावरून आतलं कळतं. दूरच्या चंद्रांचंही तेच. यान जवळून जाताना त्या चंद्राच्या ओढीने त्याची वाट किती वाकते, यावरून वजन कळतं. आकार छायाचित्रांत मोजता येतो. भागाकार केला की घनता. दगड पाण्याच्या साधारण तिप्पट, बर्फ पाण्याहून किंचित हलका. त्यामुळे उत्तर तीनच्या आसपास आलं तर आत दगड, दोनखाली आलं तर दगड-बर्फाची मिसळ. पृष्ठावर काय आहे ते परतलेल्या सूर्यप्रकाशातून कळतं. प्रत्येक पदार्थ ठरावीक रंग गिळून टाकतो, आणि कोणते रंग गायब आहेत ते पाहिलं की चोर सापडतो.

गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. त्यांच्या घनता गुरूपासून बाहेरच्या क्रमाने मांडा: आयो ३.५३, युरोपा ३.०१, गॅनिमीड १.९४, कॅलिस्टो १.८३. हा उतार मला तरी फार देखणा वाटतो. कोवळा गुरू तापलेला होता. त्याच्या शेजारी बर्फाला तग धरता आला नाही, लांब धरता आला. सूर्याभोवतीही असंच झालं. मंगळ आणि गुरू यांच्या मधे कुठेतरी एक हिमरेषा होती, तिच्यापलीकडे पाणी गोठून राहू शकलं. आणि विश्वात दगडाच्या घटकांपेक्षा हायड्रोजन-ऑक्सिजन किती तरी मुबलक, म्हणून पलीकडे बर्फाची चंगळ. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, बुध ग्रहापेक्षा मोठा, पण वजन बुधाच्या निम्म्याहून कमी. अर्धाअधिक तो पाण्याने फुगलाय.

आयोची गोष्ट मात्र थांबून सांगायलाच हवी. आकाराने तो आपल्या चंद्रापेक्षा जरासाच मोठा, दगडी, आत लोखंडाचा गाभा. इतका लहान गोल केव्हाच थंड पडायला हवा. पण २ मार्च १९७९ रोजी पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांचा शोधनिबंध छापून आला: युरोपा आणि गॅनिमीड आयोला ठरावीक तालात खेचत राहतात, त्याची कक्षा नीट वर्तुळ होऊ देत नाहीत, आणि गुरूच्या कमी-जास्त होणाऱ्या ओढीने तो सतत मळला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी गरम लागते, तसं आयोचं पोट तापलं असणार. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. यानाची वाट तपासण्यासाठी काढलेल्या, मुद्दाम जास्त उजेड घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो या तरुण अभियंतीला आयोच्या कडेला छत्रीसारखा एक धूसर आकार दिसला. तो होता पृथ्वीबाहेरचा पहिला पाहिलेला जिवंत ज्वालामुखी. आता आयोवर असे ४०० हून अधिक ज्वालामुखी माहीत आहेत. त्याचा पिवळा-नारिंगी रंग गंधकाचा, पांढरे डाग गोठलेल्या सल्फर डायऑक्साइडचे. फटाक्यांनंतर नाकाला झोंबणारा वास असतो ना, त्या कुटुंबातलं ते हिम. पाणी मात्र औषधालाही नाही.

शेजारचा युरोपा वरून गुळगुळीत बर्फ, खाली खारं पाणी, त्याखाली दगड. खारं हे कसं कळलं? गॅलिलिओ यानाला जाणवलं की गुरूचं चुंबकीय क्षेत्र पालटलं की युरोपातून त्याला उत्तर येतं. बर्फातून वीज वाहत नाही, मिठाच्या पाण्यातून वाहते. हे पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट असावं असा अंदाज आहे. नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालंय, एप्रिल २०३० मध्ये पोचेल.

शनीकडे गेलं की मोजदादच हरते. मार्च २०२५ मध्ये त्याच्या चंद्रांची संख्या २७४ झाली. बहुतेक नुसते तुकडे. पण टेथिस पाहा: व्यास हजार किलोमीटरहून जास्त आणि घनता ०.९८, म्हणजे पाण्याहूनही कमी. अख्खा चंद्र जवळजवळ निव्वळ बर्फाचा. हायपेरियन तर घनतेने त्याच्याही निम्मा, आतून पोकळ्याच पोकळ्या, दिसायला जाळीदार अनारशासारखा. आणि एन्सेलाडस, व्यास ५०४ किलोमीटर, मुंबई-नागपूर सरळ अंतरापेक्षा लहान. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याचे फवारे भुईनळ्यासारखे उडताना कॅसिनी यानाला २००५ मध्ये आढळले. यान त्या फवाऱ्यांतून चक्क आरपार गेलं. मीठ, सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, हायड्रोजन, आणि पुढे जुन्या नोंदी तपासताना २०२३ मध्ये फॉस्फेटही सापडलं. सिलिका आणि हायड्रोजनचा अर्थ असा की तळाशी गरम पाणी आणि दगड यांची अजून झटापट चालू आहे. बाकीच्या चंद्रांच्या पोटात काय आहे ते आपण ताडतो. याने स्वतःहून काढून दाखवलं.

शनीच्याच टायटनवर मात्र 'कशाचा' या प्रश्नाचीच उलथापालथ होते. नायट्रोजनचं दाट वातावरण, दाब आपल्या दीडपट, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे छोटं यान हवाई छत्रीने तिथे उतरलं आणि तासाहून अधिक काळ बोलत राहिलं. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात कृष्णेच्या पात्रात दिसतात तसे वाटोळे गोटे पसरलेले आहेत. गोटे वाटोळे होतात ते वाहत्या प्रवाहात घासून, तेव्हा तिथे प्रवाहही होता. फक्त हे गोटे पाण्याच्या बर्फाचे, आणि त्यांना घासणारं 'पाणी' द्रवरूप मिथेनचं. त्या थंडीत बर्फ दगडासारखा कडक असतो. मिथेनचा पाऊस पडतो, नद्या वाहतात, सरोवरं भरतात. क्राकेन नावाचं सर्वांत मोठं सरोवर सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्र आत बसवून वर जागा उरेल. वाळूच्या टेकड्याही आहेत, पण ती वाळू आकाशातून झरलेल्या कार्बनी काजळीची. पाणी म्हणजे ओलं, दगड म्हणजे खनिज, ही आपली समज पृथ्वीच्या अंगणापुरती आहे.

सगळेच चंद्र आपापल्या ग्रहाच्या घरी जन्मलेले नाहीत. नेपच्यूनचा ट्रायटन उलट दिशेने फिरतो. तो प्लूटोच्या प्रदेशातून येऊन अडकला असणार, आणि अंगावर गोठलेला नायट्रोजन पांघरून आलाय. मंगळाचा फोबोस जेमतेम २२ किलोमीटरचा, पाण्याच्या दुपटीहूनही हलका. रंगावरून पाहावं तर काळ्या कार्बनी लघुग्रहांचा भाऊबंद, कक्षेवरून पाहावं तर मंगळावरच्या धडकेतून उडालेला तुकडा. यावर अजून वाद आहे, आणि तो मिटवायला तिथली मूठभर माती आणण्याची मोहीम जपानने आखली आहे.

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला आकाशात चंद्र नसतो, पण रात्री गुरू वर असेल तर साध्या दहापट दुर्बिणीतून त्याचे चार चंद्र दिसतात. एका रात्री त्यांच्या जागा कागदावर काढून ठेवा, दुसऱ्या रात्री ताडून पाहा. गुरूला सोडून कधीच लांब न जाणारा तो गंधकाचा आयो, सर्वांत दूर भटकणारा तो बर्फाळ कॅलिस्टो. हात कापतो, म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा.