कुर्बानीचं सुकं गोश्त, एअर फ्रायरमधलं

गेल्या बकरी ईदला अम्मींनी गोश्ताच्या पट्ट्या गच्चीत दोरीवर वाळत घातल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, बुरशी धरली. कुर्बानीचा वाटा फेकताना घरात कुणाला जेवण गेलं नाही.

यंदा आम्ही एअर फ्रायर लावला. म्हशीचं गोश्त तासभर फ्रीझरमध्ये घट्ट करून अर्धा सेंटिमीटर जाड पट्ट्या कापल्या. चरबी काढाच, तीच आधी खवट होते. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रीजमध्ये. आधी १६० अंशांवर, आतून ७१ अंश होईपर्यंत भाजल्या. नुसत्या मंद आचेवर पाणी उडतं, जंतू तगतात. मग ८० अंशांवर ३ तास. वाकवल्यावर चिरली पण तुटली नाही, की झाली.

डबा फ्रीजमध्येच ठेवलाय. अम्मी म्हणतात, उन्हाची चव नाही. पण रोज एक पट्टी कमी होते.