मोफत शिक्षणाची भूल

समजा, तुम्ही नर्स आहात. इथे नाही, अमेरिकेत. नर्सिंगची पदवी झालीय, आयसीयूत व्हेंटिलेटरचे अलार्म ऐकत दोन वर्षं काढलीत आणि वय आहे २६. आता डोक्यात एकच आहे, नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचं. म्हणजे ऑपरेशन टेबलावर पेशंटला भूल द्यायची, शेवटचा टाका पडेपर्यंत त्याचा श्वास सांभाळायचा आणि मग त्याला सुखरूप जागं करायचं.

आपल्याकडे हे काम भूलतज्ज्ञ डॉक्टरचं. नर्सने भूल द्यायची म्हटलं की आपण जरा दचकतोच. अमेरिकेत मात्र शंभरहून जास्त वर्षं नर्सेस हे करताहेत. खेड्यातल्या छोट्या हॉस्पिटलात तर कित्येकदा भूल देणारं माणूस तेवढं एकच असतं. पगारही तसाच. तिथल्या श्रमखात्याच्या २०२४ च्या आकड्यांनुसार रजिस्टर्ड नर्सचा मध्यम पगार वर्षाला साधारण ९३ हजार डॉलर आहे आणि नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचा २ लाख २३ हजार. एवढा फरक दिसल्यावर कोण नाही म्हणेल?

घोडं अडतं ते फीवर. २०२२ पासून या कोर्सला प्रवेश म्हणजे थेट डॉक्टरेटचा प्रवेश. तीन वर्षं, पूर्णवेळ. अनेक ठिकाणी खर्च लाखभर डॉलरच्या पुढे जातो. त्यात अभ्यास आणि ओटीतल्या ड्यूट्या अशा, की नोकरी सांभाळून हे करणं जवळपास अशक्य. म्हणजे फी गेली ती गेलीच, वर तीन वर्षांचा नर्सचा पगारही बुडाला. तोच पावणेतीन लाख डॉलरच्या पुढे जातो! घरभाडं आणि किराणा त्या काळात थांबत नाहीत.

अशा वेळी भेटतो लष्कराचा रिक्रूटर. तो म्हणतो, आर्मी रिझर्व्हमध्ये या. महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षातले साधारण दोन आठवडे, एवढंच. बाकी तुमची नोकरी, तुमचं घर, तुमचं शहर. शिकत असताना आम्ही दरमहा स्टायपेंड देऊ.

तो खोटं बोलत नाही. या योजनेचं नाव ‘स्ट्रॅप’. दोन हजार डॉलरच्या वर महिना मिळतो. ३६ महिने धरले तर ७२ हजारांहून जास्त. पण यातून फी भागत नाही, घर चालतं. ‘लष्कराने शिकवलं’ असं लोक सर्रास म्हणतात. रिझर्व्हच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. (पूर्ण फी आणि वर अधिकाऱ्याचा पगार, असाही रस्ता आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत लष्कराचा स्वतःचा अभ्यासक्रम चालतो, पदवी बेलर विद्यापीठाची मिळते. पण तिथे तुम्ही रिझर्व्हमध्ये नसता, पूर्णवेळ लष्करात असता. शिकतानाही आणि त्यानंतरची काही वर्षंही.)

आता परतफेडीचा हिशेब बघू. स्ट्रॅपमध्ये सहा महिन्यांच्या स्टायपेंडमागे रिझर्व्हमधली एक वर्षाची सेवा द्यावी लागते. तीन वर्षं पैसे घेतले तर सहा वर्षं. आणि ही वर्षं कोर्स संपल्यावर मोजायला सुरुवात होते. २६ व्या वर्षी प्रवेश, २९ व्या वर्षी पदवी, मोकळे व्हाल ३५ व्या वर्षी. कर्ज फेडायला मदत करणारी आणखी एक वेगळी योजना असते. ती घेतली तर तिची वर्षं यातच धरली जातात की पुढे जोडली जातात, हे लेखी विचारून घ्यावं लागतं. रिक्रूटर तोंडी जे सांगतो, ते करारात नसेल तर त्याला शून्य किंमत.

या सहा वर्षांत बोलावणं येऊ शकतं. आर्मी रिझर्व्हने डॉक्टर, डेंटिस्ट आणि नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट यांच्यासाठी तैनाती साधारण ९० दिवसांची ठेवली आहे, कारण त्याहून जास्त काळ गेलं की मागची प्रॅक्टिस मोडते. ऐकायला तीन महिने फार नाहीत. पण त्या तीन महिन्यांत हातात पडतो लष्करी अधिकाऱ्याचा पगार आणि घराचा हप्ता मात्र आपल्या नेहमीच्या कमाईवर बेतलेला. परत आल्यावर नोकरी परत मिळण्याची हमी १९९४ चा एक कायदा देतो. पण ही हमी नोकरदारांना आहे. या क्षेत्रात स्वतंत्र कंत्राटावर काम करणारे भरपूर, कारण त्यात पैसा जास्त. त्यांना हा कायदा लागू होत नाही. मला विचाराल तर अख्ख्या हिशेबातला सगळ्यात महागडा खड्डा हाच.

आणि जायचं कुठे, तर जिथे जखमी आधी पोचतात तिथे. लष्कराची पुढच्या फळीतली सर्जिकल टीम वीस जणांची. इराक-अफगाणिस्तानच्या काळात तिच्यात नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट दोन असायचे आणि भूल देणारा डॉक्टर बहुतेक वेळा नसायचाच. ही परंपरा जुनी. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा अगाथा हॉजिन्स ही नर्स क्लीव्हलंडहून पॅरिसजवळच्या हॉस्पिटलात गेली आणि नायट्रस ऑक्साइडची भूल कशी द्यायची हे तिथल्यांना शिकवून आली. नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची राष्ट्रीय संघटना पुढे १९३१ मध्ये तिनेच उभी केली. लष्कर या नर्सेससाठी पैसे मोजतं ते उगीच नाही.

इथून नर्सिंग करून अमेरिकेला जायचं ठरवत असाल, तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. रिझर्व्हमध्ये अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड लागतं. नुसता व्हिसा पुरत नाही.

असा करार बघायला तेवढं लांब जायलाही नको म्हणा. पुण्याचं एएफएमसी किंवा कुलाब्याचं ‘आयएनएचएस अश्विनी’ इथे मुलींसाठी बीएस्सी नर्सिंग आहे. चार वर्षांची फी नाही, राहणं-जेवण आहे, स्टायपेंड आहे आणि पास झाल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंटचं पद. बदल्यात सेवेचा बाँड. ज्या घरात खासगी नर्सिंग कॉलेजची फी भरण्याची ऐपत नाही, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. फरक आहे तो वयाचा. तिकडची नर्स सही करते ती आयसीयूतल्या रात्री भोगून झाल्यावर. आपल्याकडची मुलगी करते बारावीनंतर, नीटचा स्कोअर हातात असताना, सतरा-अठराव्या वर्षी. बदली, लग्न, पुढचं शिक्षण यातलं काहीच तिने अजून पाहिलेलं नसतं. पुण्यात निवृत्त लष्करी नर्सेस कमी नाहीत. फॉर्म भरण्याआधी त्यांच्यातल्या एखादीला गाठा. पगार नंतर विचारा, आधी विचारा की पहिल्या सहा वर्षांत तुमच्या बदल्या कुठे कुठे झाल्या.