उड्डाणाच्या क्षणीं एंजिन थांबलें तर

विमानप्रवासांत खऱ्या कसोटीचा काळ कोणता, असें विचारल्यास पुष्कळजण वादळाचें किंवा काळोख्या रात्रीचें नांव घेतील. वस्तुतः तो काळ फार लहान असतो. चाकें जमीन सोडतात तेथपासून विमान कांहींशें फूट वर जाईपर्यंतचा. त्या वेळीं भार पुरता, वेग बेताचा आणि उंची नाममात्र असते. नेमकें तेव्हांच एंजिन बंद पडलें, तर मागें वळून धावपट्टीवर कां उतरूं नये, अशी शंका सहज येते. एकाच एंजिनाच्या विमानापुरतें तिचें उत्तर बहुधा एकच आहे : वळूं नये.

पिकांवर औषध फवारणारें विमान उदाहरणादाखल घ्यावें. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें बांधलेलें ‘बसंत’ हें अशा जातीचें विमान १९७२ सालीं प्रथम उडालें. ४०० अश्वशक्तीचें एकच एंजिन, एकच वैमानिक आणि औषधानें भरलेली टाकी, असा त्याचा संसार. एंजिन थांबतांच अशा विमानाचा वेग झपाट्यानें उतरूं लागतो. नाक वर खेचून उंची राखण्याचा मोह होतो. पण तसें केल्यास पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो, उचल नाहींशी होते आणि विमान कोसळतें. वळणें तर त्याहूनहि घातक. ४५ अंश कलून वळणाऱ्या विमानाला तरंगत राहण्यास सरळ जाणाऱ्या विमानाहून सुमारें १९ टक्के अधिक वेग लागतो. ६० अंश कलल्यास ४१ टक्के. जेथें वेगाचाच तुटवडा, तेथें ही वाढीव मागणी पुरवावयाची कशी? शिवाय अर्धें वर्तुळ वळल्यानें विमान धावपट्टीवर येत नाहीं, तिच्या बाजूला येतें.

म्हणून नाक खालीं करून वेग राखावा आणि समोर दिसेल त्या मोकळ्या जागेंत उतरावें, हा नियम. फवारणीच्या विमानाला एक सोय अधिक असते. टाकीच्या तळाची झडप उघडून औषध झटकन् सोडून देतां येतें, आणि भार उतरला कीं कमी वेगांतहि विमान तरतें. औषधाची किंमत मोजण्याची ती वेळ नव्हे. हा निर्णय धाव घेण्यापूर्वींच मनांत ठरलेला असावा लागतो.

परंतु समोर उतरण्यास समोर जागा हवी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन ज्या ‘पस मॉथ’ विमानानें जुहूस उतरले, तेंहि एका एंजिनाचेंच होतें. त्या जुहूच्या विमानतळाला आज दाट वस्तीनें वेढलें आहे.

प्रवासी विमानांना दोन वा अधिक एंजिनें असतात तीं याचसाठीं. एक थांबलें तरी दुसऱ्याच्या बळावर वर जाऊन सावकाश परततां येतें. तथापि एंजिन नुसतें थांबणें वेगळें आणि फुटणें वेगळें. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या एका एंजिनांतील चकती, धातु थकून पडलेल्या तड्यामुळें, उड्डाणानंतर लगेच फुटली. इंधनाची नळी तुटून आग लागली. वैमानिकांनीं विमान परत वळविलें. पण सुकाणूला बळ देणारें तेल आगींत गेलें, आणि धावपट्टी गांठण्यापूर्वींच विमान ताब्याबाहेर जाऊन कोसळलें. ९५ जणांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं.

अंधेरी, घाटकोपर यांसारख्या भागांत इमारतीच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते. घर बांधणाऱ्याला हा निर्बंध जाचक वाटतो. परंतु दुबळ्या झालेल्या विमानाला चढावयास जी वाट लागते, ती ह्याच निर्बंधानें मोकळी राहते; आणि तिच्या खालीं राहणाऱ्या घरांचें रक्षणहि तिच्यावरच अवलंबून असतें.