रस्ता खणणाराचें ऋण

विहिरीचें पाणी रस्त्यापलीकडील शेतांत नेण्यासाठीं नळ पुरण्याची गरज आमच्या पुष्कळ वाचकांस पडते. त्यासाठीं परवानगी काढावी लागते हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्या कागदावर सही करितांना आपण कोणतें ऋण पत्करितों, याचा विचार फारसा होत नाहीं. आमच्या मतें परवानगी ही रस्त्याची उसनवारी होय. आणि उसनी वस्तु जशी घेतली तशीच परत करावयाची असते.

प्रथम रस्ता कोणाचा हें पाहावें. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाखालून नळ नेण्यास इ. स. २००२ च्या कायद्यानें परवानगी आवश्यक केली आहे. रस्ता पूर्ववत् करण्याचा खर्च परवाना घेणारावरच पडतो, व त्याच्या हमीसाठीं बहुधा अनामत रक्कम भरून घेतात.

खरी चूक होते ती चर बुजवितांना. निघालेली काळी माती तशीच लोटून वर चार पाट्या मुरूम पसरला, कीं काम झालें असें वाटतें. पण काळी माती भिजली कीं फुगते, आणि वाळली कीं आकसून भेगाळते. त्यांतून न ठोकलेला चर पहिल्याच पावसांत खचतो, आणि शेजाऱ्याची उसानें भरलेली गाडी तेथें आंस मोडून बसते.

याकरितां नळाभोंवतीं वाळू घालावी. वर मुरूम सुमारें सहा इंचांच्या थरांनीं भरावा, व प्रत्येक थर पाणी मारून धुमसानें ठोकावा. शेवटीं खडी व डांबर यांचे थर पूर्वीइतक्याच जाडीचे करावे. रस्त्याखालीं मोठा नळ घालून त्यांतून आपला नळ नेला, तर पुढें दुरुस्तीसाठीं रस्ता पुन्हां फोडावा लागत नाहीं. काम चालू असतां अर्धा रस्ता खणून अर्धा वाहतुकीस मोकळा ठेवावा, आणि रात्रीं तांबडा दिवा लावावा.

पावसाळा सरल्यावर त्या जागीं एकदां जाऊन पाहावें, व चर बसला असल्यास नोटिशीची वाट न पाहतां तो भरून काढावा. अनामत परत मिळाली म्हणजे सरकारदरबारचा हिशेब मिटतो. परंतु त्याच रस्त्यानें माल नेणाऱ्या गांवकऱ्यांचें ऋण राहतेंच. तें आमचे वाचक मनापासून फेडतील, अशी आम्हांस आशा आहे.