कोळंबी सर्वांत शेवटी

काही वर्षांपूर्वी मी दहा लाल कोळंब्या विकत आणल्या. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. बाजारात मिळणाऱ्या जवळ्याएवढ्या म्हणा ना! घरी काचेची टाकी आदल्याच दिवशी धुऊन, वाळू घालून, नळाच्या पाण्याने भरून तयार होती. पाणी इतके निवळ, की टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. चौथ्या दिवशी सकाळी दहापैकी एकही कोळंबी जिवंत नव्हती. पाणी मात्र तसेच निवळ होते.

विद्यार्थिमित्रांनो, पाण्यात विरघळलेला पदार्थ डोळ्यांना दिसत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो होतो. तरीही टाकी भरताना मी भरवसा ठेवला तो डोळ्यांवरच. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अशी टाकी करायची असेल, तर माझी चूक तुम्ही पुन्हा करू नये म्हणून हे सांगतो आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. याचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. चीन, तैवान, कोरिया हा त्याचा मूळ प्रदेश. तेथील ओढ्यांत आणि तळ्यांत ही कोळंबी मळकट तपकिरी, अर्धवट पारदर्शक असते. दुकानातले लाल, पिवळे, निळे रंग पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेले आहेत. मादी सुमारे तीन सेंटिमीटर वाढते, नर त्याहून लहान राहतो. आयुष्य दीड-दोन वर्षांचे. मादी वीस ते पन्नास अंडी पोटाखालच्या पायांत धरून तीन-चार आठवडे वागवते आणि त्यांतून बाहेर पडते ती आईचीच चिमुकली प्रतिकृती. हा गुण आपल्या फार सोयीचा आहे. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी टाकीतले शेवाळ खाण्यासाठी प्रचारात आणलेली दुसरी एक कोळंबी, कॅरिडिना मल्टिडेंटाटा, हिच्या डिंभांना वाढायला मचूळ पाणी लागते; त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत तिची वीण होत नाही. निओकॅरिडिनाचे सारे आयुष्य गोड्या पाण्यातच पुरे होते.

आता माझ्या कोळंब्या कशाने मेल्या ते पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनच्या टाकीत त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. मासे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतात, म्हणजे हिशेब जुळायला हवा. पण कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले. वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या, त्यांनी ती पाने खाल्ली आणि टाकी टिकली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय अशी ही तिघांची भागीदारी.

पण या भागीदारीत एक चौथाही होता आणि तो वॉरिंग्टनना दिसला नव्हता. प्राण्यांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो जलचरांना विषारी आहे. वाळूच्या कणांवर, दगडांवर, पानांवर वाढणारे काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि वनस्पती ते खत म्हणून वापरतात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. गंमत अशी, की ती दोन पायऱ्यांनी होते हे इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात ज्यांनी दाखवले, त्यांचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच होते. ते या वॉरिंग्टनचे चिरंजीव. वडिलांच्या टाकीतला अदृश्य भागीदार मुलाला शेतातल्या मातीत भेटला! हे जिवाणू वेगळे करून वाढवणे मात्र त्यांना साधले नाही; ते १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी साधले. हा विषय अजून संपलेला नाही. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे जिवाणू असतात, हे २०१५ साली उघडकीस आले.

माझ्या एका दिवसाच्या टाकीत हे सूक्ष्मजीव जवळजवळ नव्हतेच. कोळंब्या खात होत्या, मी हौसेने जास्तच खाद्य टाकत होतो आणि अमोनिया साचत होता. त्यातही एक बारकावा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन फारसे घातक नाहीत. मुक्त अमोनिया घातक. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तो शेकडा पाचाच्या वर जातो. म्हणजे अमोनिया तितकाच, पण विष जवळजवळ दहापट.

तेव्हा टाकी भरल्यावर तिच्यात प्रथम राहायला येतात ते सूक्ष्मजीव, दुसऱ्या वनस्पती आणि कोळंबी सर्वांत शेवटी.

टाकीची मांडणी

४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी पुरेशी आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ४० लिटर, म्हणजे ४० किलोग्रॅम पाणी मावते. वाळू आणि काच धरून वजन साठ किलोग्रॅमच्या घरात जाते, म्हणून टेबल डुगडुगणारे नको. पुढच्या काचेवर किती बल पडते ते काढून पाहा. तळाशी दाब सुमारे २,९४० पास्कल, पृष्ठभागाशी शून्य, सरासरी १,४७०. काचेचे क्षेत्रफळ ०.१३५ चौरस मीटर. गुणाकार सुमारे १९८ न्यूटन, म्हणजे वीस किलोग्रॅमचे ओझे काचेला सतत बाहेर ढकलत असते. जुन्या खिडकीच्या पातळ काचेची टाकी घरी करू नये ती एवढ्यासाठी.

तळाला तीन-चार सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू घाला. वनस्पतींत तुमच्या ओळखीची हायड्रिला चालेल. ऑक्सिजनचे बुडबुडे मोजण्याच्या प्रयोगात उपडे नरसाळे घालून जी ठेवता, तीच. व्हॅलिस्नेरिया वाळूत छान मूळ धरते, आणि जावा मॉस दगडाला दोऱ्याने बांधले की पुरे. तळ्यातून आणलेली वनस्पती थेट टाकीत घालू नका. तिच्याबरोबर चतुराची अळी आली, तर ती एकेक कोळंबी फस्त करील. दुकानातल्या वनस्पतींवर कीटकनाशक असू शकते, म्हणून त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि पाणी रोज बदला.

हवेसाठी लहान पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर घ्या. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. नळीत हवा शिरली की आतले हवामिश्रित पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होऊन वर चढते आणि त्याच्या जागी स्पंजातून नवे पाणी खेचले जाते. बुडबुड्यांतूनच सगळा ऑक्सिजन विरघळतो, ही समजूत मात्र बरोबर नाही. वायूंचे विसरण पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. म्हणून तळाचे पाणी वर येऊन हवेला भिडत राहिले पाहिजे, आणि बुडबुड्यांचे मोठे काम तेच आहे. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. नाहीतर वीज गेल्यावर नळी वक्रनलिकेसारखी वागेल आणि पाणी उलटे पंपात शिरेल. भारनियमनाच्या गावांत हा प्रकार व्हायला वेळ लागत नाही.

नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. बादली प्लॅस्टिकची असू द्या. तांब्याची कळशी किंवा हंडा नको. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हीमोग्लोबिन लोहयुक्त असते. कोळंबीच्या रक्तात त्या जागी हीमोसायनिन असते आणि त्यात तांबे असते. असे असूनही पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबे तिला मारक ठरते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी स्वच्छ म्हणून कोणी सुचवील, पण तेही बहुधा तांब्याच्या नळ्यांवरून आलेले असते. डासांसाठी मारायचे फवारे तर त्या खोलीत मुळीच नकोत. कीटक आणि कोळंबी दोघेही संधिपाद. एकाचे विष दुसऱ्यालाही लागते.

सहा आठवडे

आता रिकाम्या टाकीत दोन दिवसांआड चिमूटभर माशांचे खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि सूक्ष्मजीवांना खाऊ मिळेल. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे संच दुकानात मिळतात. दर दोन दिवसांनी मोजून आलेखकागदावर तीन रेषा काढा. आधी अमोनियाची रेषा चढेल आणि उतरेल. ती उतरत असताना नायट्राइटची चढेल, मग तीही उतरेल आणि नायट्रेटची रेषा वर जाऊ लागेल. पहिल्या दोन्ही रेषा शून्यावर येऊन आठवडाभर तेथेच राहिल्या, की टाकी पिकली. याला चार ते सहा आठवडे लागतात. वर्गातला कोणीतरी तिसऱ्या आठवड्यात "सर, आता तरी आणू या ना" म्हणणारच. आणू नका. याच काळात काचेवर आणि पानांवर जो बुळबुळीत थर चढतो, तेच कोळंबीचे मुख्य अन्न आहे. तो खरवडून काढू नका.

कोळंब्या आणाल त्या दिवशी पिशवीतले पाणी आणि कोळंब्या एका भांड्यात ओता आणि टाकीतले पाणी बारीक नळीतून त्यात थेंबथेंब सोडा. नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन थेंब ठेवले, तर तासाला सुमारे ३६० मिलिलिटर पाणी येते. तास-दीड तास तसे चालू द्या. पाण्यातील क्षार एकदम बदलले, तर परासरणामुळे कोळंबीच्या शरीरातले पाण्याचे प्रमाण बिघडते. पहिल्या वेळी दहा-बारा पुरेत, आणि टाकीत मासे नकोत.

दुसऱ्या दिवशी तळाशी पारदर्शक, पोकळ 'मेलेली कोळंबी' दिसली तर घाबरू नका. ती टाकलेली कात असते. तिच्यातले कॅल्शियम पुन्हा उपयोगी पडते, म्हणून ती तेथेच राहू द्या. खाद्य दिवसाआड, दोन तासांत संपेल इतकेच. शाळेच्या आवारात बदामाचे झाड असेल, तर त्याचे गळून वाळलेले तांबूस पान धुऊन टाका; त्यावर वाढणारा थर कोळंब्या आठवडेच्या आठवडे चरतात.

उन्हाळ्याचा हिशेब

दुसऱ्या खेपेला मी सहा आठवडे थांबलो. कोळंब्या जगल्या, वाढल्या, पिल्ले झाली. आणि मे महिन्यात पुन्हा मरू लागल्या, रोज एक-दोन. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. कारण सापडायला मला पंधरा दिवस लागले, आणि ते तर शुद्ध पदार्थविज्ञानच निघाले.

उन्हाळ्यात पाणी तापते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. म्हणून मी टाकीवर लहान पंखा लावला होता. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वाने. माझ्या टाकीतून रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडत असे, म्हणजे ६७५ ग्रॅम. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता जाते. तेव्हा रोज सोळा लाख ज्यूल. चाळीस किलोग्रॅम पाणी एक अंशाने थंड व्हायला १ लाख ६८ हजार ज्यूल जावे लागतात. बाहेरून उष्णता येत राहिल्याने प्रत्यक्ष उतार दोन-तीन अंशांचाच मिळतो, पण तेवढाही मोलाचा. इथवर माझे चुकले नव्हते.

चुकले ते भर घालताना. उडते ते पाणी; क्षार मागेच राहतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. चाळीस लिटरमध्ये ते झाले सुमारे १२ ग्रॅम. रोज उडालेल्या ६७५ मिलिलिटरची भर त्याच पाण्याने घातली, तर रोज ०.२ ग्रॅम क्षार वाढतात. साठ दिवसांत १२ ग्रॅम! मार्चमध्ये लावलेल्या पंख्याने मे महिन्यात क्षार दुप्पट केले होते. कोळंब्यांना कात टाकणे जमेना आणि त्या अर्ध्या कातीत अडकून मरत होत्या. पाणी याही वेळी निवळ होते, हे सांगायला नकोच.

म्हणून दोन कामे वेगळी ठेवा. उडालेल्या पाण्याची भर घालायची ती ऊर्ध्वपातित पाण्याने किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने. पहिला पाऊस सोडून द्यावा. नंतरच्या सरींत मोकळ्या आकाशाखाली प्लॅस्टिकची बादली ठेवून पाणी धरावे आणि झाकण घालून ठेवावे. पाणी बदलायचे ते मात्र आठवड्याला चार-पाच लिटर, क्लोरीन उडालेल्या नेहमीच्या पाण्याने. कारण कवचासाठी कॅल्शियम लागते आणि ते पावसाच्या पाण्यात नसते.

कोळंब्या वाढून शंभर-दोनशे झाल्या, तर दुसऱ्या शाळेला द्या, पण गावच्या ओढ्यात सोडू नका. जर्मनीतील गिलबाख या ओढ्यात वीजकेंद्राचे कोमट पाणी येते, आणि कोणीतरी सोडलेली हीच निओकॅरिडिना तेथे वस्ती करून राहिलेली आढळली आहे. आपल्या ओढ्यांना तर कोमट व्हायला वीजकेंद्रही लागत नाही, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिनाच्या आपल्या स्वतःच्या जाती आहेत.

आणखी एक. दिवाळीच्या सुटीत टाकीचे काय, असे शिक्षक मला हटकून विचारतात. पिकलेल्या टाकीत कोळंब्या दोन आठवडे खाद्यावाचून सहज राहतात. काळजी पाण्याच्या पातळीची. काचेवर एक रेघ मारा, पावसाच्या पाण्याच्या चार बाटल्या भरून ठेवा आणि दर दोन दिवसांनी रेघेपर्यंत पाणी घालायला शिपाईमामांना सांगा. खाद्याची डबी मात्र कपाटात कुलूपबंद करून जा. मामा प्रेमळ असतात.